रफू केलेलं सैन्य

स्कॉटलंडमधल्या सातशे वर्षांपूर्वीच्या लढायांवर इथे कॅनडात एक सिनेमा निघाला होता आणि त्यातल्या गरिबांचे कपडे फाडायचं काम माझ्या सुनेकडे होतं. असं काम असतं हे मलाही आधी ठाऊक नव्हतं. नवं कापड आणायचं, शिंप्यांनी ते शिवायचं, आणि मग एका पगारी माणसानं ते किसणीनं घासून, चहात बुडवून, चिखल फासून जुनं करायचं. पुण्यात कापडाचं डिझाईन शिकलेली बाई ती. तुझ्या वडिलांनी फी भरली ती यासाठी का, असं मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "आई, याला स्किल लागतं."

"लागत असेल," मी म्हटलं. "तुझा नवरा सहावीपर्यंत हेच करत होता, फुकट."

पण तिची निकड मला कळत होती. कॅनडात आल्यावर तिनं दोन वर्षं मॉलमध्ये लोकांनी घालून बघून टाकलेले कपडे घड्या करून ठेवले. मग दोन लहान सिनेमांत हरकाम्या म्हणून लागली. व्हँकुव्हरकडे सिनेमाचं काम भरपूर, पण युनियनमध्ये नाव लागल्याशिवाय धड कुणी घेत नाही, आणि ठरावीक दिवस भरल्याशिवाय नाव लागत नाही. या सिनेमाचं शूटिंग लांबलचक होतं. कपडेखात्याच्या मोठ्या बाईनं तिला सांगितलं होतं, चौदा घोंगड्या नमुन्यादाखल करून दाखव. शुक्रवारी तपासणी. पास झाल्या तर सगळ्या सैन्याचं काम तुझं, शेवटच्या दिवसापर्यंत. नाही झाल्या तर नमस्कार. आमच्या घरात त्या शुक्रवारचं नाव दहावीच्या निकालासारखं घेतलं जात होतं.

घोंगडी हा शब्द माझा. ती क्लोक म्हणायची. मेंढीच्या लोकरीचं जाड, काळपट कापड, खांद्यावरून घ्यायचं, रात्री तेच पांघरायचं. त्याला दुसरं काय म्हणायचं?

अभ्यास म्हणून तिनं याच लढायांचे जुने सिनेमे घरी लावले. मुलगा आणि मीही बघायला बसलो. सिनेमा कंपनीनं इतिहासाचे एक निवृत्त प्रोफेसर नेमले होते. त्यांनी आधीच्या सिनेमांतल्या चुकांची यादी करून सगळ्यांना वाटली होती. ती सुनेनं फ्रीजवर लावली होती आणि सिनेमा चालू असताना ती चुका मोजत बसायची.

"हा चौकड्यांचा घागरा बघा, किल्ट. हा त्या काळात नव्हताच. तीनशे वर्षांनी आला."

मुलगा एकदम सरळ बसला. त्याच्या ऑफिसात दर हिवाळ्यात एक स्कॉटिश जेवण असतं. गेल्या साली त्याला तो असलाच किल्ट भाड्यानं आणून, घालून गेला होता आणि घराबाहेर बर्फात उभा राहून फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते.

"तीनशे म्हणजे? थोडंफार पुढंमागं असेल," तो म्हणाला.

"तीनशे म्हणजे तीनशे. आणि तोंडाला निळा रंग फासलेत ना, ते हजार वर्षं आधीचे लोक. तेही फासत होते का, यावर वाद आहे."

"मग उरलं काय सिनेमात?"

"डोंगर बरोबर आहेत," सून म्हणाली.

मला किल्टशी देणंघेणं नव्हतं. मला वेगळ्याच गोष्टी खटकत होत्या. त्या मी बोलून दाखवल्या. एवढं सैन्य चाललंय आणि कुणाच्या पाठीला शिदोरीचं गाठोडं नाही. बायका चुलीपाशी केस मोकळे सोडून वाकतात. सगळे अंगाला माती लावून हिंडतात, पण दात पांढरेशुभ्र. आणि लोकरीचे कपडे घातलेला एवढा मोठा देश, पण मेंढरू एकही दिसत नाही.

"आई, तुम्ही सिनेमा बघा ना," सून म्हणाली.

"बघतेय म्हणून तर बोलतेय."

मुलगा म्हणाला, "आणि आपल्याकडचे? आपल्या सिनेमातले मावळे बघितलेस का?"

ते खरं होतं. आपले मावळे गड चढून येतात तरी पागोट्याची इस्त्री मोडत नाही. मिशा सगळ्यांच्या एका दुकानातल्या. स्कॉटलंडचे निदान मळके तरी असतात.

त्या आठवड्यात असं झालं की सिनेमाचे कपडे जिथं तयार होत त्या कारखान्यातली वाळवायची खोली बंद पडली. बाहेर पाऊस, आतही ओल. सुनेनं चौदाच्या चौदा घोंगड्या गाडीत भरून घरी आणल्या आणि बेसमेंटमध्ये, घर गरम ठेवणाऱ्या भट्टीच्या खोलीत दोऱ्या बांधून वाळत टाकल्या. तिचं त्यांच्यावरचं काम झालेलं होतं. सोमवारी ती तीन दिवसांसाठी डोंगरात गेली, तिथल्या शूटिंगची जागा बघायला. जाताना मला म्हणाली, "आई, भट्टीच्या खोलीचं दार उघडं राहू द्या. बाकी काही करायचं नाही."

मी दार उघडं ठेवलं. खोलीत उभी राहिले तर ओल्या लोकरीचा वास आला. तो वास मला सत्तर वर्षांचा ओळखीचा. माझं माहेर माणदेशातलं. घरात घोंगड्यांचे तीन माग होते. चौथी झाल्यावर शाळा सुटली आणि मी सूत कातायला बसले. आमच्या घरी एक नियम होता. घोंगडीला भोक दिसलं की त्याच दिवशी बुजवायचं. भोक असलेली घोंगडी पांघरून माझ्या बापानं कुणाला झोपू दिलं नाही. लोकरीचं भोक थांबत नाही. झोपेत पाय अडकतो, सकाळी मुठीएवढं असतं, आठवड्यानं मेंढराचं पिल्लू त्यातून पार जाईल.

आणि इथे चौदा घोंगड्यांना मिळून साठ-सत्तर भोकं. माझ्या गाजराच्या किसणीनं पाडलेली. ती किसणी मी महिनाभर शोधत होते. ती खाली एका बादलीत सापडली, दातात काळी लोकर अडकलेली.

सोमवारी दुपारी मी म्हटलं, एक बुजवून बघू, हात चालतो का. कडेला शिवणीत दुमडलेलं कापड होतं, त्यातून धागे ओढले. जाड सुई घरात होती. मला माहीत होतं की ही सिनेमाची घोंगडी आहे. म्हातारीला कळलं नाही असं मुलगा पाहुण्यांना सांगतो, ते खोटं आहे. मला सगळं कळत होतं. पण एक बुजवल्यावर शेजारचं दिसायला लागलं. मंगळवारी पाच झाल्या. बुधवारी संध्याकाळपर्यंत चौदा. मधल्या वेळात त्या अंगणात नेऊन झटकल्या. बराच चिखल निघाला.

गुरुवारी दुपारी सून आली. बूट काढून तशीच खाली गेली. मी वर कांदा चिरत होते. मग ती जिन्याच्या खालच्या पायरीवरून म्हणाली, "आई, हे काय केलंत?"

"रफू."

"सगळ्यांना?"

"अर्धवट कोण ठेवतं?"

"आणि चिखल?"

"झटकला."

"तो झटकून जाणारा चिखल नव्हता, आई. तो मी ब्रशनं लावला होता. दोन दिवस लागले होते मला."

"मग नीट लागला नव्हता," मी म्हटलं.

हे बोलायला नको होतं. ती पायरीवर बसली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती नुसती भट्टीकडे बघत बसली आणि म्हणाली, "उद्या अकरा वाजता तपासणी आहे."

मी कांदा ठेवला, हात धुतले आणि किसणी घेऊन खाली गेले. माझी चूक होती, ती मीच निस्तरायला हवी होती. एक घोंगडी मांडीवर घेतली. एक भोक पाडलं. दुसरं पाडवेना. रडूबिडू काही आलं नाही. हात त्या बाजूला वळेना, एवढंच. गाईचं दूध उलट्या बाजूला बसून काढायला सांगावं तसं.

"द्या इकडे," सून म्हणाली आणि तिनं किसणी ओढून घेतली. मग ती जे फाडायला लागली ते बघण्यासारखं होतं. आधी ती मोजूनमापून, आरशात बघून टिकली लावावी तसं भोक पाडायची. आता राग होता. पण माझं रफू सुटेना. ते घट्टच राहिलं आणि कापड त्याच्या शेजारून टरकन फाटायचं. रफूचा तुकडा एका बाजूला लोंबत राहायचा.

"काय विणलंय हे, आई! सिमेंट आहे का?"

"रफू आहे. सुटलं तर ते रफू कसलं?"

मुलगा कामावरून आला तोवर चार झाल्या होत्या. तो जिन्यात उभा राहून म्हणाला, "मी काही मदत करू?" आम्ही दोघींनी एकदमच नको म्हटलं. तिनं किसणी खाली ठेवली. तिच्या बोटांना फोड आले होते. दहा घोंगड्या अजून धडधाकट होत्या.

जेवताना ती म्हणाली, "आहेत तशा नेते. आणि आई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मोठ्या बाईला तुम्हीच सांगा काय केलंत ते."

"मला इंग्रजी कुठं येतं?"

"मी सांगेन. तुम्ही फक्त समोर उभ्या राहा."

शुक्रवारी मी नऊवारी नेसले, वर जाड कोट घातला आणि गेले. कारखाना म्हणजे मोठं गोदाम. रांगेनं भाले, ढाली, लाकडी चाकं, आणि कोपऱ्यात पाचशे तरी बूट. मोठी बाई उंच, केस पुरुषासारखे कापलेले, मनगटाला टाचण्यांची गादी बांधलेली. ती घोंगड्या टेबलावर पसरून बघत होती. तिच्या शेजारी ते यादीवाले प्रोफेसर होते. माझ्याच वयाचे असतील. अंगात राखाडी स्वेटर, आणि त्याच्या कोपराला रफू. ते रफू इतकं वाईट होतं की माझी नजर तिथून हटेना.

मोठी बाई काही बोलली. सुनेचं तोंड उतरलं. मी विचारलं, "काय म्हणते?"

"म्हणते, हे मी सांगितलेलं काम नाही."

"मग सांग तिला, मी केलं म्हणून."

सुनेनं सांगितलं. मोठी बाई माझ्याकडे बघायला लागली. प्रोफेसरांनी एक घोंगडी उचलली, चष्मा कपाळावर चढवला आणि रफू डोळ्याजवळ नेलं. मग मला काहीतरी विचारलं.

"आई, ते विचारतायत, का बुजवलंत?"

मी म्हटलं, "त्यांना विचार, हे लोक कोण? शेतकरी, मेंढपाळ? मग यांच्याकडे घोंगड्या किती? एक. त्यातच झोपायचं, त्यातच बसायचं, चारा बांधून आणायचा, पोर गुंडाळायचं. घरात मेंढरं आहेत, लोकर आहे, बायको कातते आहे. मग भोक राहील कसं? फाटकं घालायला दुसरं असावं लागतं. एकच असलं की माणूस ते जपतं. हे सिनेमावाले गरीब म्हटलं की भोकं पाडतात. गरिबाच्या अंगावर ठिगळ असतं, भोक नसतं."

सुनेनं हे सगळं सांगितलं. मी सांगितलं त्यापेक्षा थोडक्यात सांगितलं असावं, कारण तिला फार वेळ लागला नाही. मग प्रोफेसर बोलायला लागले. ते बोलले, हात हलवले, घोंगडी उलटी करून दाखवली, परत बोलले. चहा उकळून उतू गेला असता एवढा वेळ बोलले. ते थांबल्यावर मी सुनेकडे बघितलं.

"ते म्हणतायत, बरोबर आहे."

"एवढंच? इतका वेळ?"

"बाकी तुमचं कौतुक आहे. घरी गेल्यावर सांगते."

ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

पण मोठ्या बाईचं समाधान झालं नव्हतं. ती म्हणाली, खरं असेल, पण वीस पावलांवरून रफू दिसत नाही. लोकांना वाटेल घोंगडी नवी आहे, आज विकत घेतलीय. सिनेमा बघायचा असतो, हात लावून तपासायचा नसतो. हेही मला पटलं. मी तसं बोलून दाखवलं तर सून माझ्याकडे रागानं बघत म्हणाली, "आई, तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?"

शेवटी डायरेक्टरला बोलावलं. टोपी घातलेला, मुलापेक्षाही लहान. त्यानं एका माणसाला रफूची घोंगडी घालायला लावली, मोठा दिवा लावला आणि लांब जाऊन बघितलं. मान हलवली. नको. मग टेबलाच्या कडेला सुनेनं गुरुवारी फाडलेल्या चार होत्या, त्यातली एक घालायला लावली. त्या तिनं मुद्दाम खाली सरकवून ठेवल्या होत्या, लाजेनं. माणूस दिव्यात उभा राहिला. रफूचे तुकडे लोंबत होते, त्यांच्या शेजारी कापड फाटलेलं. डायरेक्टर पुढे आला, मागे गेला, त्या माणसाला पळायला लावलं. मग म्हणाला, "ही. ही कुणी केली?"

मी सुनेला कोपरानं ढोसलं. तेवढं इंग्रजी मला कळलं होतं.

"मी," ती म्हणाली. मग माझ्याकडे बोट केलं. "आम्ही दोघींनी."

प्रोफेसर खूश झाले. घरी बायकोनं बुजवलेलं, लढाईत शेजारून फाटलेलं. त्यांच्या मते असंच झालं असणार. डायरेक्टरला ते खरं आहे की खोटं याच्याशी कर्तव्य नव्हतं. त्याला लोंबणारे तुकडे आवडले होते. मोठ्या बाईनं सुनेला एकच विचारलं, असल्या आणखी दीडशे होतील का?

सून म्हणाली, "होतील." माझ्याकडे न बघता म्हणाली.

मग तीन आठवडे आमच्या बेसमेंटमध्ये जे चाललं ते शेजाऱ्यांनी बघितलं असतं तर आम्हाला डॉक्टरकडे नेलं असतं. ती आधी भोकं पाडायची. मी ती बुजवायची. मग माझ्या डोळ्यांदेखत ती त्यांच्या शेजारून फाडायची. मला समोर बसून बघवायचं नाही, म्हणून मी पाठ करून बसायचे. ती म्हणायची, "आई, जरा सैल रफू करा, माझे हात दुखतात." सैल कसं करायचं ते मला येत नव्हतं. एकदा मी म्हटलं, घराघरांत सासू-सुनेचं हेच चालतं, एकीनं केलेलं दुसरीनं मोडायचं. तुला त्याचा पगार मिळतो. ती इतकी हसली की किसणी हातातून पडली. ती किसणी मी परत मागितली नाही. गाजरासाठी दुसरी आणली.

प्रोफेसरांनी एके दिवशी सुनेच्या हाती स्वेटर पाठवला. मी त्यांचं कोपर उसवून नव्यानं करून दिलं.

तिचे दिवस भरले. युनियनचं पत्र आलं ते मी उघडलं नाही, ती येईपर्यंत टेबलावर ठेवलं. तिनं ते उभ्यानंच वाचलं, घडी केली, परत उघडून वाचलं, आणि मग मला विचारलं भाजी कसली आहे.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही तिघं बघायला गेलो. नायक चौकड्यांचा किल्ट घालून आला. प्रोफेसरांनी यादीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, तरी आलाच. मुलगा माझ्या कानात म्हणाला, "बघितलंस? मी एकटाच नव्हतो." सैन्यात कुणाकडेही शिदोरी नव्हती. दात पांढरेच होते. मेंढरं मात्र दिसली, सहा. मी सुनेला विचारलं, ही कुणाच्या सांगण्यावरून? ती म्हणाली, मीच बोलले होते एकदा.

आमच्या घोंगड्या दिसल्या. पळत होत्या, त्यामुळे नीट दिसल्या नाहीत. एक माणूस चिखलात पालथा पडला तेव्हा त्याच्या पाठीवर माझं रफू एवढं मोठं आलं. ते सुटलं नव्हतं.

सिनेमा संपला, लोक उठले. आम्ही बसून राहिलो, कारण शेवटी सगळ्यांची नावं येतात. नावं येतच राहिली. स्वयंपाक्यांची आली, गाड्या चालवणाऱ्यांची आली, घोड्यांना सांभाळणाऱ्यांची आली. झाडूवाला दारात येऊन उभा राहिला. सून खुर्चीच्या कडेवर बसली होती. मग तिचं नाव आलं, बारीक अक्षरात, आणि वर निघून गेलं. मी वाचलं. इंग्रजी वाचता येत नाही, पण तिचं नाव कसं दिसतं ते मी त्या पत्रावर बघून ठेवलं होतं.

"बघितलंस?" तिनं नवऱ्याला विचारलं.

तो खाली वाकून खुर्चीखाली पडलेला हातमोजा शोधत होता.

"आलं?" तो म्हणाला. "कुठंय?"

पुढच्या रविवारी आम्हाला तो सिनेमा पुन्हा बघावा लागला. या वेळी त्याला तिनं मधे बसवलं होतं, आणि हातमोजे माझ्याकडे दिले होते.